बाथटबातला आयरिस

नकाशेकाकांच्या हाताला झाडं लागत नाहीत, हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. काका एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते आणि लोकांच्या जिन्यांचे, गटारांचे, मोऱ्यांचे नकाशे इतके देखणे काढत, की प्रत्यक्ष मोरी बघितल्यावर मालकाला वाईट वाटावं. पण कुंडीला हात लावला की संपलं. जे मनीप्लांट मारायला इतरांना मुद्दाम प्रयत्न करावे लागतात, ते त्यांच्याकडे पंधरवड्यात आडवं झालं. निवडुंग तर बुडून मेला. "तुम्ही झाडाकडे नुसतं बघत जाऊ नका हो," काकू म्हणायच्या, "त्याला दडपण येतं."

तर असा हा माणूस एका दुपारी अवेळी घरी आला. विजार गुडघ्यापर्यंत चिखलात, एका पायात बूट, दुसऱ्या पायात नुसता मोजा, आणि कवेत भिजलेल्या नकाशात गुंडाळलेलं काहीतरी. नकाशाच्या एका टोकातून हातभर लांब, तलवारीसारखी हिरवी पानं बाहेर आली होती, दुसऱ्या टोकातून चिखल ठिबकत होता.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"झाड आहे. रानटी आहे."

"ते दिसतंयच," काकू म्हणाल्या. त्या काकांकडे बघत होत्या.

झालं होतं असं, की गावाबाहेरच्या एका तळ्यावर भर घालून तिथे गाड्या उभ्या करायची जागा व्हायची होती. नकाशा अर्थातच काकांचा. जागेवर मापं घ्यायला जाणारा सहकारी आजारी पडला, म्हणून साहेबांनी काकांना धाडलं. काकांनी बऱ्याच वर्षांत खरी जमीन पाहिली नव्हती. कागदावर तळं म्हणजे एक निळी वेडीवाकडी रेघ, इथे त्या रेघेच्या कडेने पिवळीधमक फुलं उभी होती. काका ती बघत बघत मागे सरकले, आणि मागे जमीन आहे हे गृहीत धरण्यात त्यांची चूक झाली. पडता पडता हाताला लागलं ते त्यांनी घट्ट धरलं. ते झाड होतं. झाडाने त्यांना वाचवलं असं म्हणता येणार नाही, कारण ते मुळासकट हातात आलं आणि दोघंही मिळून तळ्यात गेली. पण ज्याच्याबरोबर आपण बुडतो त्याच्याशी काही एक नातं जडतं. त्यातून पुढच्याच आठवड्यात तिथे मातीचे ट्रक येणार होते. काकांना ते झाड परत टाकवेना. बूट मात्र तळ्यातच राहिला.

"आणि फूल?" काकूंनी विचारलं.

"बसमध्ये एक बाई त्याच्यावर बसल्या."

काकूंनी झाडाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि धुण्याची बादली पुढे केली. "आणलंयत ना, मग आता जगवा. हे मेलं तर मी तुम्हाला आयुष्यात कोथिंबिरीलासुद्धा पाणी घालू देणार नाही."

काका वाचनालयात गेले. फुलझाडांच्या एका जाड पुस्तकात चित्र सापडलं: पिवळा आयरिस, पाणथळ जागी आपसूक वाढणारा. त्यांनी तिथेच बसून सगळं वाचून काढलं. ह्याला जाडजूड आडवा गड्डा असतो, आल्याच्या थोरल्या भावासारखा. तो खोल पुरायचा नाही. चिकट, जड मातीत आडवा निजवायचा, पाठीवरून जेमतेम मातीचं पांघरूण. वर खडी पसरायची, म्हणजे माती पाण्यात उठत नाही. पानं निम्मी छाटायची, नाहीतर वाऱ्याने झाड हलतं आणि मुळं धरत नाहीत. खत घालायचं नाही. वर चार बोटं पाणी कायम उभं हवं आणि ऊन दिवसभर.

इथवर वाचून काका खूष झाले. आयुष्यात पहिल्यांदाच जास्त पाणी घालून मरणार नाही असं झाड त्यांना भेटलं होतं.

दिवसभर ऊन इमारतीत एकाच जागी होतं, गच्चीवर. आणि पाणी उभं राहायला हवं तर भांडं मोठं हवं. काकांच्या ऑफिसकडे एका हॉटेलच्या दुरुस्तीचं काम होतं, तिथले जुने बाथटब भंगारात चालले होते. काकांनी त्यातला एक मागून घेतला. ओतीव लोखंडाचा, पांढरा, चार पायांचा. तो हलवायला आलेल्या हमालांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि काकांना विचारलं, "साहेब, झाड किती मोठं आहे?" काकांनी हाताने दाखवलं. मग त्या लोकांनी एकमेकांकडे जे पाहिलं, ते काका बरेच दिवस विसरले नाहीत.

लिफ्टमध्ये टब मावला नाही. जिन्यातून न्यायचं ठरलं. आता, ज्या माणसाने उभ्या आयुष्यात शेकडो जिन्यांचे नकाशे काढले त्याने आपल्या जिन्याचं वळण आधी मोजायला हवं होतं, हे खरं. मोजलं नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये टब असा काही अडकला, की वर जाईना नि खाली येईना. हमाल म्हणाले, जेवून येतो. ते गेले.

जिना बंद झाला आणि त्याच मुहूर्तावर लिफ्टही. तिला निमित्त लागतच नसे. वर जाणारे-येणारे टबात उतरायचे, दोन पावलं चालायचे आणि पलीकडून बाहेर पडायचे. काका तिथे उभे राहून प्रत्येकाला हात देत होते आणि "सांभाळून, घसरतं" असं यजमानासारखं सांगत होते. सगळ्यात वरच्या मजल्यावर, अगदी गच्चीखाली, एक गाण्याच्या बाई राहत. त्या तानपुरा घेऊन खाली येत होत्या. त्यांनी आधी तानपुरा टबातून पार केला, मग स्वतः उतरल्या, आणि मधोमध उभ्या राहून म्हणाल्या, "काका, मी इथे पंधरा वर्षं राहतेय. मला वाटलं होतं, सगळं बघून झालं."

मग चेअरमन आले. चेअरमन म्हणजे इमारतीच्या कमिटीचे अध्यक्ष. हाडाचे अध्यक्ष, बायको भाजी निवडायला बसली तरी हे आधी प्रास्ताविक करायचे. ते टबात उतरले, दम लागला म्हणून काठावर टेकले, आणि तिथून सरकून आत बसले. "ह्याला कमिटीची मंजुरी आहे का?" टबात पाय पसरून बसलेला माणूस कितीही रागावला तरी त्याचा म्हणावा तसा धाक वाटत नाही. काका नम्रपणे म्हणाले, "फक्त एक झाड आहे, साहेब." "झाडाला आंघोळ घालणार आहात का?" "नाही, ते कायम आंघोळीतच असतं." चेअरमन उठायला गेले. पण काकांनी हात दिल्याशिवाय त्यांना उठता येईना. त्यामुळे मंजुरीचा मुद्दा तूर्त मागे पडला.

संध्याकाळी हमालांनी जिन्याचा कठडा काढला, टब वर नेला आणि कठडा उलटा बसवला. तो अजून तसाच आहे.

काकांनी पुस्तकाबरहुकूम सगळं केलं. माती, खडी, आडवा गड्डा, छाटलेली पानं. छाटताना पानांचा रस हाताला लागला आणि दुसऱ्या दिवशी मनगटापर्यंत लाल चट्टे उठले. "पुस्तकात मोजे घालायला सांगितलं असेल," काकू म्हणाल्या. सांगितलं होतं, पुढच्या पानावर.

टब मात्र काठोकाठ भरला आणि दिसायला लागला झकास. काकांनी टबाच्या तळाच्या भोकातलं रबरी बूच चांगलं दाबून बसवलं होतं. पण रबराचंही वय असतं. एका सकाळी ते सुटलं. खाली गाण्याच्या बाईंचा वर्ग चालू होता. छतातून आधी एक थेंब पडला, मग दुसरा. बाईंनी डोळे न उघडता म्हटलं, "ताल कोण देतंय?" पुढे थेंबांची लय वाढली, द्रुतात गेली, आणि सम आली तेव्हा छताचा टॉवेलएवढा पोपडा पेटीवर येऊन पडला.

काका पोपडा उचलायला गेले, माफी मागितली, आणि पुढच्या रविवारी स्वतः शिडीवर चढून छत रंगवून दिलं. रंगवलं सुरेख, पण तेवढाच भाग. त्यामुळे उरलेलं छत किती कळकट होतं हे बाईंना पहिल्यांदा कळलं. मग तेही रंगवलं. मग भिंती, आणि दर वेळी बाईंनी सामान हलवायचं. "काका," बाई म्हणाल्या, "तुम्ही झाड लावलंत की मलाच लावलंत कामाला?" आणि त्यांनी जाहीर केलं, की त्या टबाचं तोंड मी बघणार नाही.

बूच गेलं, तिथे काकांनी सिमेंट भरलं. कमिटीची सभा झाली. विषय: गच्चीवरील तळे. काका म्हणाले, टब. चेअरमन म्हणाले, इतिवृत्तात तळे असं आलंय, आता ते तळेच. बऱ्याच चर्चेअंती असं ठरलं की झाडाला एक संधी द्यावी, पण अध्यक्षांनी वेळोवेळी पाहणी करावी. झाडाचं भाग्य म्हणायचं की दुर्भाग्य, कोण जाणे.

चेअरमन रोज सकाळी वर यायला लागले. आले की सल्ला. "पाणी बदला." "पाणी बदलू नका." "माझ्या मेहुण्याकडे असंच एक होतं, त्याला ताक घालायचे." काका ऐकून घेत आणि करत काहीच नसत, आणि तेच झाडाच्या पथ्यावर पडलं. पानं कमरेला आली. फूल मात्र नाही. पुस्तकात लिहिलं होतं की जागा बदललेला आयरिस पहिलं वर्ष रुसून बसतो. काकांना ते पटलं. त्यांचीही एकदा बदली झाली होती.

मग थंडी पडली आणि पानं पिवळी पडली. मग तपकिरी झाली, आणि एका सकाळी सगळी पाण्यावर आडवी. काका बराच वेळ खाली आले नाहीत, म्हणून काकू वर गेल्या. काका टबाशी नुसते उभे होते. "गेलं," ते म्हणाले. काकूंना खरं तर कोथिंबिरीचं वाक्य आठवलं होतं. त्या ते बोलल्या नाहीत. स्वेटर आणला होता, तो त्यांच्या खांद्यावर टाकला.

बातमी पसरली आणि लोक भेटायला यायला लागले. शेजारीण आली, दोन मिनिटं खाली मान घालून बसली, म्हणाली, "तुम्ही तरी किती करणार, काका." नर्सरीवाला, ज्याच्याकडून खडी आणली होती, तो म्हणाला, "त्रास नाही झाला ना त्याला?" चेअरमननी तर सांत्वनपर दोन शब्द बोलायला सुरुवात केली आणि ते जेवणाच्या वेळेपर्यंत चालले. काकांना हे सगळं लागत होतं. निवडुंग गेला तेव्हा लोक हसले होते. आता कोणी हसत नव्हतं, आणि ते जास्त वाईट होतं.

पण चेअरमनची पाहणी इतिवृत्तात होती, त्यामुळे ती काही थांबली नाही. थंडी ओसरत आली असताना ते एका सकाळी स्लिपा हातात घेऊन धावत खाली आले. "काका! वर चला! जिवंत आहे!"

कुजक्या पानांच्या मधून बोटभर उंचीची टोकदार हिरवी पाती पाण्याबाहेर आली होती. एक नाही, चांगला जमाव होता. गड्डा थंडीभर खाली निजून अंग धरत होता. काका टबाशी गुडघे टेकून बसले आणि ओल्या हाताने चष्मा पुसायला लागले, त्यामुळे त्यांना आणखीच काही दिसेना. "मी म्हटलं नव्हतं, ताक नको म्हणून?" चेअरमन म्हणाले. त्या दिवसापासून ते त्याला 'आपला आयरिस' म्हणायला लागले.

आणि इथे सरकारचा प्रवेश होतो.

कुणी तक्रार केली ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण एके दिवशी आरोग्य खात्यातून डासवाले साहेब आले. सडपातळ, गंभीर माणूस, हातात लांब दांड्याची पांढरी पळी. त्यांनी पळी टबात बुडवली, उचलली, उन्हात धरली आणि काकांच्या नाकासमोर आणली. आत बारीक बारीक अळ्या कोलांट्या मारत होत्या. "तुमच्याच ना?" असं त्यांनी विचारलं नाही, पण काकांना तसं वाटलं.

"साचलेलं पाणी ठेवता येत नाही," साहेब म्हणाले. "अळ्या खाणारे मासे पाण्यात असतील, तरच. पुढच्या आठवड्यात परत येतो. मासे दिसले नाहीत, तर टब उपसून उलटा करावा लागेल."

"आणि झाड?"

"झाडाबद्दल आमच्या खात्याचं काही म्हणणं नाही."

त्याच आठवड्यात पानांच्या मधून एक उंच दांडा वर आला होता आणि त्याच्या शेंड्याला घट्ट गुंडाळी केलेली कळी होती. काकांनी धावपळ करून बारके मासे आणले आणि सोडले. अळ्या संपल्या. मासे बाळसं धरायला लागले. काका दिवसातून तीनदा वर जात: एकदा कळीसाठी, एकदा माशांसाठी, आणि एकदा चेअरमनना ताक घेऊन येण्यापासून थांबवण्यासाठी.

साहेब यायच्या दिवशी सकाळी काका वर गेले, तर कठड्यावर एक बगळा बसला होता. एका पायावर, मान आखडून, डोळे अर्धे मिटून. भरपेट जेवलेल्या पाहुण्याच्या चेहऱ्यावर जी कृतज्ञता असते, तिचा त्याच्यापाशी लवलेश नव्हता. काकांनी टबात डोकावलं. पाणी नितळ होतं, नको तितकं.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, साहेब खाली आलेत!" काकूंनी जिन्यातून हाक दिली. रोजच्या पाहणीला आलेले चेअरमन पुढे झाले. "मी त्यांना अडवतो," ते म्हणाले, "प्रास्ताविक करतो." इमारतीने त्यांच्या प्रास्ताविकाला मनापासून शुभेच्छा दिल्या, असं हे एकदाच घडलं.

काका पाण्यात हात घालून उगाचच शोधत होते. तेवढ्यात पाठीमागे दार वाजलं. गाण्याच्या बाई उभ्या होत्या, दोन्ही हातांत काचेचा मोठा गोल वाडगा आणि त्यात दोन शेंदरी मासे. ह्या बाई मासे पाळतात हे शिष्यांनाही माहीत नव्हतं.

"हे माझे आहेत," बाई म्हणाल्या. "उसने देतेय. दिले असं समजू नका." आणि वाडगा टबात ओतून त्यांनी पदर नीट केला, तोच प्रास्ताविकाने दमलेले डासवाले साहेब गच्चीत आले.

साहेब टबावर वाकले. पळी फिरवली. अळी नाही. "मासे?"

मासे पानांच्या बुडाशी जाऊन दडले होते. काकूंनी पाण्यावर टिचकी मारली. चेअरमननी "बाहेर या" अशी रीतसर सूचना केली. सगळे टबाभोवती ओणवे झाले, डोक्याला डोकी लागली. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"सरका जरा," बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले आणि खालचा सा लावला. भरदार, संथ, पाण्यावर पसरलेला. बाई रोज रियाजाच्या वेळी खाणं घालत असाव्यात. पानं हलली, आणि दोन शेंदरी तोंडं पाण्यावर येऊन आ वासून उभी राहिली.

साहेबांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "आहेत," ते म्हणाले आणि त्यांनी कागद काढला. लिहिता लिहिता मोठ्याने वाचत गेले. "पाणी, स्वच्छ. मासे, जिवंत. टबात..." त्यांनी पानांवरून नजर फिरवली. "टबात गवत."

काकूंनी सुटकेचा श्वास सोडला. चेअरमन टाळ्या वाजवणार होते. आणि नकाशेकाका म्हणाले, "गवत नाही."

"काय?"

"ते गवत नाहीये, साहेब. खोडा ते."

"अहो!" काकूंनी त्यांना चिमटा काढला. चिमटा जोरदार होता, पण तो अपमानापर्यंत पोचला नाही. ज्याच्यापायी जिना बंद पाडला, हात भाजल्यासारखे झाले, खोलीच्या खोली रंगवल्या, लोकांची सांत्वनं ऐकली, ते सरकारदरबारी गवत म्हणून लागणार? "आयरिस आहे तो," काकांचा आवाज चढला. "रानातला, तळ्याकाठचा. ते तळं आता नाही. गवत लिहिणार असाल तर त्यापेक्षा टब उलटा करा!"

"काका, गवत चालेल आपल्याला," चेअरमन कळवळून म्हणाले.

"नाही चालणार!"

साहेबांनी पेन मिटलं. ते रागावले नव्हते. नियमाचा माणूस नियमाच्या माणसाला ओळखतो. "हे बघा, फूल असेल तर मी फूल लिहीन. पानांवरून मला गवतच दिसतं. फुलेल तेव्हा कळवा."

"फुलेल हो! कळी आहे, आज ना उद्या..."

"अहो," काकू म्हणाल्या. ह्या वेळी चिमटा नव्हता. "मागे बघा."

मघापासून सगळे पाण्यात डोकी घालून मासे शोधत होते. तेवढ्यात वरती, त्यांच्या पाठींच्या वर, कळीची गुंडाळी सुटली होती. तीन पाकळ्या बाहेर झुकून जिभांसारख्या खाली लोंबत होत्या, तीन लहान सरळ उभ्या. आणि रंग असा पिवळा, की बाईंचे मासे त्याच्यापुढे फिके वाटावेत. एक पाकळी अजून पुरती सुटली नव्हती. सगळ्यांच्या देखत ती थरथरली आणि हळूच खाली आली.

चेअरमननी मघाच्या राहिलेल्या टाळ्या वाजवल्या. प्रास्ताविकाशिवाय.

साहेबांनी पेन उघडलं, गवतावर काट मारली. "नाव काय म्हणालात?"

"आयरिस," सगळे एकदम म्हणाले.

काकांनी ऐकलं नाही. ते फुलाच्या अगदी जवळ गेले होते. चष्मा कपाळावर सरकवून ते पाकळीवर वाकले, एखादा मोठा नकाशा तपासताना वाकत तसे. पाकळीच्या मधोमध, घशापासून निघून कडेकडे पसरत गेलेल्या तपकिरी रेषा होत्या. केसाहून बारीक, एकीच्या शेजारी एक, सुरुवातीला जाड आणि पुढे नाहीशा होत गेलेल्या. काकांनी आपली सगळी उमर रेषा ओढण्यात घालवली होती.

"इकडे ये," त्यांनी काकूंना हाताने खुणावलं, आणि त्या शेजारी वाकल्यावर हलक्या आवाजात म्हणाले, "काढणाऱ्याचा हात बघ कसा आहे. कुठे शाई पसरलेली नाही, की एक रेघ खोडलेली नाही."